शब्दांवाचून प्रार्थना

योम किप्पूर हा ज्यू लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस. तो सायंकाळी सुरू होतो, आणि आरंभीच प्रार्थनामंदिरात ‘कोल निद्रे’ म्हटले जाते. देवापुढे केलेल्या नवसांच्या बंधनातून मुक्तता देणारे हे शब्द अरामी भाषेतील आहेत. ते सर्वांनाच उमगतात असे नाही. परंतु मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंमध्ये रूढ असलेली त्यांची आर्त चाल थेट हृदयाला भिडते.

१८८० साली माक्स ब्रुख या जर्मन संगीतकाराने ती चाल चेलो व वाद्यवृंद यांच्यासाठी रचली. ब्रुख स्वतः प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होता. बर्लिनमधील एका ज्यू प्रार्थनागायकाच्या परिचयातून ही चाल त्याला लाभली. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातील, परंतु आकाराने मोठे, बसून गजाने वाजवावयाचे वाद्य होय. त्याचा खर्ज पुरुषकंठाशी जुळतो. म्हणूनच ब्रुखच्या रचनेत ते वाद्य प्रार्थना करणाऱ्या माणसाप्रमाणे थांबत, अडखळत बोलू लागते.

त्याच वर्षी जिनीव्हा येथे एर्नेस्ट ब्लॉख या ज्यू संगीतकाराचा जन्म झाला. बायबलातील ‘उपदेशक’ या ग्रंथाला गायनाचे रूप द्यावे, असे पुढे त्याच्या मनाने घेतले. हा ग्रंथ परंपरेने शलमोन राजाचा मानला जातो. परंतु तो गावा कोणत्या भाषेत? फ्रेंच, जर्मन वा इंग्रजी त्याला रुचेना. हिब्रूवर पुरेसे प्रभुत्व नव्हते. अखेर चेलोवादक अलेक्सांद्र बार्यान्स्की याची गाठ पडली आणि ब्लॉखने शब्दच सोडले. ‘श्लोमो’ या रचनेत राजाची वाणी चेलोच झाला. १९१६ साली पूर्ण झालेली ही कृती ३ मे १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम वाजवली गेली.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच पाहिले होते. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल समाजाची प्रार्थना हिब्रू, तर घरची बोली मराठी. १८८०च्याच सुमारास या मंडळींनी कीर्तनाचा आश्रय केला आणि अब्राहाम व योसेफ यांची आख्याने मराठीत गायिली.

पूर्वजांची भाषा ओठांवरून ओसरली, तरी तिच्यातील श्रद्धा मुकी राहू इच्छीत नाही. जिनीव्हात तिला तंतूंचा कंठ लाभला, मुंबईत मायबोलीचा.