पंतोजी, डिपुटी आणि सूत

गेल्या दिवाळीच्या आधीं कळंब येथील आमच्या बिऱ्हाडीं आम्ही घटक चाचणीच्या ३७ उत्तरपत्रिका तपासीत बसलों होतों. प्रश्न साधाच होता: सर चार्ल्स वुड याच्या खलित्यानें आपल्या इकडील शाळांत काय पालट झाला? ३७ पैकीं २१ जणांनीं तींच चार वाक्यें त्याच क्रमानें लिहिलीं होतीं, आणि त्या सर्वांनीं खलित्याचें वर्ष १८५४ ऐवजीं १८४५ दिलें होतें. एकाच मार्गदर्शिकेंतील एकच छापचूक २१ डोक्यांतून सुखरूप पार पडून आमच्या मेजावर आली होती. आम्हीं सवयीनें वर्षाचा एक गुण कापला, उरलेले दिले, आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. दहाबारा झाल्यावर हात थांबला. ह्या कागदांनीं मुलांविषयीं आम्हांस काय सांगितलें? आणि जें सांगितलें तें ऐकून उद्यां वर्गांत आम्ही निराळें काय करणार होतों? २५ वर्षें अध्यापन केलेल्या माणसास ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येऊं नये ही गोष्ट लाजिरवाणी खरी. परंतु तिचा इतिहास आमच्या वयाहून पुष्कळ जुना आहे.

इंग्रजी अंमलापूर्वींच्या गांवठी शाळेचें नांव निघालें कीं लोकांस छडी तेवढी आठवते. त्या छडीचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. शूद्रातिशूद्रांच्या मुलांस आणि सर्वच मुलींस त्या शाळेचें दार जवळजवळ बंद होतें, हेंही विसरतां येत नाहीं. तथापि एक गोष्ट तेथें होती. इयत्ता नव्हती, वार्षिक परीक्षा नव्हती. मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी. पंतोजी हात फिरवून तें पुसून टाकी आणि पुन्हा काढावयास लावी. अक्षर साधलें कीं पुढचें. संध्याकाळीं परवचा होई. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ह्यांत कोण कोठें अडखळतो तें साऱ्या ओसरीस ऐकूं येई, आणि अडखळलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं त्याच जागेपासून उचलतां येई. घोकंपट्टी होती, अर्थाचा गंध पुष्कळदां नसे. पण चूक सांपडणें आणि पुढचा पाठ देणें ह्यांमध्यें एका रात्रीचेंच काय तें अंतर होतें.

दुसऱ्याही एका परीक्षेचा येथें उल्लेख केला पाहिजे. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यांतील मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा १८५२ व १८५३ सालीं लोकांपुढें घेण्यांत आली. ती परीक्षा नांवानें मुलींची, पण वस्तुतः शहराची होती. मुलींस विद्या येते कीं नाहीं ह्याची शंका मुलींना नव्हती. ती बघ्यांना होती.

आतां वुडच्या खलित्याकडे. त्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याची वाट मोकळी केली. अनुदान द्यावयाचें तर तें कशावर मोजून द्यावयाचें, हा हिशेबनिसाचा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याचें उत्तर विलायतेहून आयतें आलें. १८६२ च्या सुधारित नियमांनीं रॉबर्ट लो ह्यानें इंग्लंडांत असें ठरविलें होतें कीं, तपासनिसानें प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणित ह्यांत परीक्षा घ्यावी, आणि नापास विषयागणिक शाळेचें अनुदान कापावें. मुंबई इलाख्याचे शिक्षणखात्याचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांच्या कारकीर्दींत, १८६५ च्या सुमारास, हीच 'फलानुसार अनुदाना'ची पद्धत येथें रुजूं लागली. डिपुटी वर्षांतून एकदां यावयाचा, मुलें उभीं करावयाचा, पास झालेलीं डोकीं मोजावयाचा. त्या मोजणीवर शाळेची, आणि म्हणून मास्तराची, चूल अवलंबून.

अशा मास्तराच्या जागीं स्वतःस बसवून पाहावें म्हणजे पुढचें सारें कळतें. परीक्षेनें चूक उघड व्हावी हा शिक्षकाचा लाभ. पण ज्याची भाकरी त्या चुकीनें कमी होते, तो चूक लपवील. मंद मुलगा त्या दिवशीं गैरहजर राहिलेला बरा. ठरलेलें पुस्तक मुखोद्गत असलें म्हणजे वाचतां येण्याची गरज उरत नाहीं. पुस्तक उलटें धरूनही घडाघड 'वाचणाऱ्या' मुलांच्या आठवणी इंग्लंडांत पुष्कळांनीं लिहून ठेविल्या आहेत. मॅथ्यू आर्नल्ड, ज्यास आमच्या महाविद्यालयांत केवळ कवि म्हणून ओळखतात, तो पोटासाठीं शाळातपासनीस होता. ह्या पद्धतीनें शिक्षण यांत्रिक झालें अशी तक्रार तो वर्षानुवर्षें आपल्या अहवालांतून करीत राहिला.

आमच्याकडे ह्याहून मूलगामी आक्षेप जोतीरावांनीं घेतला. हंटर कमिशनपुढें १८८२ च्या ऑक्टोबरांत दिलेल्या निवेदनांत त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या लोकांत विद्येची गोडीच अजून उत्पन्न झाली नाहीं, त्यांच्यांत ही पद्धत उपयोगाची नाहीं. कोणी मास्तर स्वतःच्या जबाबदारीवर त्यांच्यांत शाळा काढणार नाहीं, कारण त्यावर त्याचें पोट भरणार नाहीं. ह्या एका मुद्द्याची किंमत शिक्षणशास्त्राच्या अनेक ग्रंथांहून अधिक आहे असें आम्ही समजतों. ज्या आळींत घरोघर पोथ्या आहेत तेथील दहा मुलें पास होणारच. तेथला मास्तर सुखी. ज्या गांवांत सुगींत मुलें शेतावर असतात तेथला मास्तर सर्वांत अधिक राबेल आणि सर्वांत कमी मिळवील. म्हणजे ज्ञान जेथें आधींच आहे तेथें पैसा, आणि जेथें नाहीं तेथें दंड! १९०४ च्या सरकारी ठरावानें ह्या पद्धतीस रजा दिली. तोंवर चाळीस वर्षें निघून गेलीं होतीं.

हा धडा शिकून झाला असें म्हणावें, तर तो पुन्हा आमच्या अगदीं दाराशीं उभा राहिला. वर्धा आम्हांपासून दूर नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तर तेथून कळंबपर्यंत आगगाडीही येते. त्या वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरांत गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना आंखली. प्रचलित परीक्षापद्धतीवर ह्या समितीचा रोष मोठा होता. तिच्या जागीं काय, ह्याचें उत्तर आमच्या कापसाच्या मुलखास सहज समजावें असें होतें. मूल टकळीवर सूत काढतें. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. सूत कोठें जाड, कोठें बारीक, कितीदां तुटलें, हें सुतावरच लिहिलेलें असतें. पेळू वाईट कीं हात घाईचा, हें शिक्षक त्याच क्षणीं पाहतो आणि त्याच क्षणीं बोट धरून दाखवितो. येथें परीक्षा आणि पाठ हीं दोन नाहींतच. धूळपाटीवरचा तो पंतोजीचा हात येथें, छडीवांचून, परत आलेला आम्हांस दिसतो.

पण त्याच सुताच्या विक्रींतून शिक्षकाचें वेतन निघावें ही अपेक्षाही योजनेच्या पोटांत होती. मग डिपुटीची जरूरच उरली नाहीं. गुंडीच डिपुटी झाली! मुलांकडून अधिकांत अधिक काम काढण्यांतच शिक्षक आपली शक्ति वेंचतील, आणि कामांतील बौद्धिक व सामाजिक अंग दुर्लक्षिलें जाईल, असा धोका समितीनें स्वतःच आपल्या अहवालांत बोलून दाखविला होता. ही तिची सचोटी आम्हांस योजनेहूनही मोठी वाटते.

अलीकडील इतिहास थोडक्यांत पुरे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलें. आकारिक व संकलित हे शब्द प्राथमिक शिक्षकांच्या जिभेवर रुळले. हेतु निःसंशय चांगला. परंतु प्रत्येक मुलाविषयीं वर्णनात्मक नोंद लिहिणें सक्तीचें होतांच तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारांत आल्या, आणि शेंकडों निरनिराळ्या मुलांचीं वर्णनें एकाच सांच्यांतून निघूं लागलीं. २०१९ मध्यें कायदा बदलला, आणि २०२३ मध्यें महाराष्ट्रानें पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा लावली. येथील चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या परीक्षेच्या दिवसांत उतरणारीं मुलें आम्ही पाहतों. तीं जें मागतात तें गुणच असणार, आणि त्यांना दोष कसा द्यावा?

आम्हांपुरतें बोलावयाचें तर आमचा पगार मुलांच्या गुणांवर अवलंबून नव्हता. आम्हांस चूक लपविण्याचें कारणच नव्हतें. तरीही आम्ही २५ वर्षें डिपुटीच राहिलों. आलों, मोजलें, निघून गेलों. चाचणीनंतर मागचा धडा उघडण्याचा रिवाज आम्हांस कधीं सुचला नाहीं, कारण अभ्यासक्रम पुरा करावयाचा होता.

सुटीनंतर आम्हीं त्या ३७ उत्तरपत्रिका गुण न टाकतां परत वांटल्या, मार्गदर्शिका मिटावयास सांगितली, आणि जोतीरावांच्या निवेदनांतील तो भाग वाचून दाखविला. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पण मंग मास्तर पोरांले शिकवते का नाही, हे सरकारले कसं समजलं पाहिजे?" आम्हांस नेमकें उत्तर देतां आलें नाहीं. तिला तसेंच सांगितलें, आणि तोच प्रश्न सर्वांस लिहावयास दिला. ह्या वेळीं दोन उत्तरें सारखीं नव्हतीं. पुष्कळ चुकीचीं होतीं. बाराजणांस अनुदान म्हणजे काय तेंच ठाऊक नव्हतें, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें; दुसऱ्या दिवशींचा तास आम्हीं तेथूनच सुरू केला.