लाइन थांबविण्याचा अधिकार



उद्या काय होणार हे ठाऊक नसताना आज काय ठरवावे, हा प्रश्न शेतकऱ्याला पडतो तसाच कारखानदारालाही पडतो. शेतकरी मृगाच्या भरवशावर पेरतो, आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरतो. कारखानदाराची रीत निराळी. त्याचा अंदाज चुकला की तो प्रथम माणसे कमी करतो.

संगणकाच्या धंद्यात आज ‘अजाइल’ नावाची जी कार्यपद्धती चालते, ती याच प्रश्नाचे उत्तर शोधते. काम लहान तुकड्यांत करावयाचे, दर दोन-चार आठवड्यांनी ते गिऱ्हाइकाला दाखवावयाचे आणि पुढचे त्यावरून ठरवावयाचे. तिचा जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील यूटा राज्यात १७ जणांनी मिळून काढला. परंतु तिचे एक मोठे मूळ जपानातील टोयोटाच्या मोटार कारखान्यात आहे, आणि आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना ते खणून पाहण्यासारखे वाटते.

आधी मागाची हकिकत. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. १९२४ मध्ये त्याने सिद्धीस नेलेला स्वयंचलित माग सूत तुटताच आपोआप उभा राहत असे. तुटल्या धाग्यावर माग चालत राहिला तर कापडाचे काय होते, हे गिरणगावाला सांगावयास नको. १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क विकत घेतले. मात्र या शोधाला दुसरी बाजू होती. माग स्वतःच थांबू लागला की एका माणसाच्या गळ्यात अधिक माग बांधता येतात. मुंबईत तर साध्याच मागांवर विणकऱ्याकडे दोनाऐवजी तीन माग देण्याचा घाट घातला गेला, आणि १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. त्या संपामागे जी कारणे होती त्यांत हे एक मोठे होते.

साकिचीचा मुलगा किइचिरो याने मोटारींचा धंदा काढला. १९४९ मध्ये जपान सरकारने पैशाची आवळाआवळ केली, मोटारी खपेनात, साठा पडून राहिला. किइचिरोने कामगारांकडून पगारकपात मान्य करून घेतली आणि त्या बदल्यात कोणास काढणार नाही असे वचन दिले. १९५० च्या वसंतात ते मोडले. १,६०० माणसे कमी करण्याची योजना जाहीर झाली, संप झाला, आणि ५ जूनला किइचिरोने अध्यक्षपद सोडले. वीस दिवसांनी, २५ जूनला, कोरियात युद्ध पेटले. अमेरिकन सैन्याने टोयोटाकडे ट्रक मागितले. ज्यांना ‘जास्त’ म्हणून घरी पाठविले, त्यांच्या हातांची गरज महिन्याभरात भासली! अंदाजावर माणसे तोलण्याचा याहून बोलका दाखला आम्हाला ठाऊक नाही.

या अनुभवातून ताइइची ओनो नावाच्या कारखाना-अधिकाऱ्याने जे काढले ते असे, की भविष्य ओळखण्याच्या फंदात पडू नये. निर्णय बदलणे स्वस्त करावे. पत्रे दाबावयाच्या यंत्राचा साचा बदलण्यास १९४५ नंतरच्या वर्षांत दोन-तीन तास लागत. एवढा वेळ मोडतो म्हटल्यावर एकाच नमुन्याचे ढीग घालणे आले, आणि ढीग घालावयाचे तर काय खपेल हे आधी ओळखणे आले. टोयोटाने साचेबदल १९७० च्या सुमारास तीन मिनिटांवर आणला. मग मागणी येईल तसे करा, न आल्यास थांबा. पुढच्या खात्याने माल उचलला तरच मागच्याने नवा करावयाचा, हा ‘कानबान’चा नियमही त्यातलाच. ओनो काही संत नव्हता. त्यानेही एका कामगाराकडे तीन-चार यंत्रे दिली, आणि जुन्या कसबी कारागिरांनी त्याला विरोध केलाच.

पण बापाच्या मागातले तत्त्व त्या कारखान्याने माणसापर्यंत नेले. लाइनवरच्या डोक्यावर दोरी टांगली. कोणालाही काही चुकीचे दिसले तर त्याने ती ओढावी. टोळीप्रमुख धावत येतो. ठरावीक हद्दीपर्यंत दोष निघाला नाही तर सारी लाइन उभी राहते. येथे खात्री करून घेण्यास सवड नसते. संशय आला एवढ्यावरच एक साधा कामगार निर्णय घेतो, आणि तो चुकला तरी त्याच्यावर दोष नाही. नोकरी जाईल या भीतीने ज्याचा हात कापतो त्याच्यासाठी ती दोरी कपडे वाळत घालण्याच्या दोरीइतकीच. १९६२ मध्ये टोयोटाच्या व्यवस्थापनाने व युनियनने परस्पर विश्वासाची संयुक्त घोषणा केली, तिचे महत्त्व आम्ही येथे मानतो.

याची परीक्षा अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना भांडणे आणि गैरहजेरी यांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो ‘नम्मी’ या नावाने उघडला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. करारात मात्र कलम होते, की माणसे कमी करण्यापूर्वी बाहेर दिलेली कामे आत आणावीत आणि अधिकाऱ्यांचे पगार कापावेत. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा कोणास काढले नाही. रिकाम्या वेळी शिक्षण दिले. माल उत्तम निघू लागला. २०१० मध्ये हा कारखानाही बंद झाला, हेही सांगितले पाहिजे.

संगणकवाल्यांनी या पद्धतीतून लहान तुकडे घेतले, फळ्यावरच्या चिठ्ठ्या घेतल्या, ‘कानबान’ हे नावही घेतले. हिंजवडीत काम करणारी काही मुले आमच्याकडे येतात. रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्याने सभा भरते आणि तीत प्रत्येकाला अडचण विचारतात, असे ती सांगतात. काम मुदतीत होणार नाही हे त्यांतल्या एकाला आठवडाभर आधी कळले होते. सभेत सांगितलेस का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे.”