बांधाआडचे आबा

आमच्या गावी, औसा तालुक्यात, आबांच्या ओसरीवर कायम एखादं कारवानी कुत्रं पसरलेलं असायचं. लांब मुस्काट, खपाटीला गेलेलं पोट, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पाहुणे विचारायचे, "ह्याला खायला घालत नाही का?" आज्जीला ते फार लागायचं. रोज सकाळी ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, वर दुधाची धार सोडून तीच त्याच्यापुढं ठेवायची. ह्या जातीच्या अंगाला मांस धरतच नाही.

मला आठवतो तो पाखऱ्या. मी सात-आठ वर्षांची असेन, तो सहा-सात महिन्यांचा. आबा त्याला आणि त्याच्या आईला, चंद्रीला, माळावर नेत. चंद्री पुढं, हा मागं. मग एक दिवस आबांनी चंद्रीला गोठ्यातच बांधलं. ती दावणीला हिसके देत ओरडत राहिली. मी रडवेली झाले, तर म्हणाले, "ती म्होरं असली की ह्ये नुसतं तिच्या शेपटीकडं बघून पळतंय. ससं बघाया शिकंल कवा?" ही कुत्री वासापेक्षा नजरेवर धावतात, म्हणून नजर त्याची स्वतःची व्हायला हवी.

त्या संध्याकाळी पाखऱ्या वीस पावलं गेला, थांबला आणि मागं वळून बघू लागला. मी हाळी देणार, तोच आबांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि मला घेऊन बांधाआड बसले. शेजारी करडई होती बहुतेक. पायाला काटे टोचलेले मात्र पक्के आठवतात. पाखऱ्या बराच वेळ कुईकुई करत घुटमळला. मग आवाज थांबला. डोकं वर काढून पाहिलं, तर लांब माळावर धुळीची एक रेघ चालली होती.

दिवेलागणीला तो परत आला, जीभ बाहेर, तोंडात काही नाही. आबांनी त्याच्या पायांतले काटे काढले आणि आज्जीकडून जास्तीची भाकरी मागून घेतली. रिकामं आलेल्या पिल्लावर ते कधी ओरडले नाहीत. "एकदा वरडलं की जल्मभर आपल्या तोंडाकडं बघत बसतंय." वर्षाचं होईस्तोवर फार लांबची धावही देत नसत, हाडं कोवळी असतात.

कारवानी हे नाव व्यापाऱ्यांच्या तांड्यांवरून पडलं, असं आबा सांगत. कृष्णेपलीकडं यालाच मुधोळ म्हणतात; मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली आणि पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली.

आमच्या घरची गोष्ट वेगळी. रझाकारांच्या धामधुमीत बायका-पोरं रात्रीतून बैलगाडीनं बार्शीकडं निघाली, तेव्हा चंद्रीची पणजी की खापरपणजी सोबत होती. थोरली आत्या सांगायची, ती गाडीपुढं एकटी जाऊन वाट बघून यायची आणि सबंध वाटेत एकदाही भुंकली नाही. आबा म्हणत, ती गाडीमागं होती. ह्यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं युद्धबंदी जाहीर केली आणि काही दिवसांनी सगळी परतली, कुत्रीसुद्धा.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही तांबड्या मिलोची भाकरी खाल्ली; पाखऱ्यानंही तीच खाल्ली, ताक मात्र नव्हतं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढं सशाची शिकार गुन्हा आहे हे गावात कळलं आणि आबांनी ती सोडली. बरंच झालं. पण पिल्लांना माळावर नेणं त्यांनी सोडलं नाही.

२००५ साली मुधोळ कुत्र्याचं पोस्टाचं तिकीट निघालं, ते मी आबांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं आहे. पुढं लष्करानंही ही कुत्री मेरठला शिकवायला नेली. आणि आता कारवानी पिल्लं शहरातल्या गॅलरीत साखळीला बांधलेली दिसतात, क्षणाक्षणाला मालकाच्या तोंडाकडं बघणारी.

तुमच्या घरी असं पिल्लू असेल, तर कुंपण असलेलं एखादं मोकळं रान शोधा. पट्टा काढा. ते थोडं जाऊन मागं वळून बघेल. तेव्हा हाक मारू नका, बांधाआड बसा.