गोड्या पाण्यातील वलयी कृमी
गांडुळाचे हे जलवासी नातेवाईक ॲनेलिडा संघाच्या ऑलिगोकीटा गटात मोडतात. अनेकांची लांबी काही मिलिमीटरच असते. तलाव, डबकी, पाणवनस्पती आणि तळचा गाळ ही त्यांची वसतिस्थाने. चंडीगढचा सुखना तलाव 1958 मध्ये शिवालिक टेकड्यांतून येणारा हंगामी ओढा अडवून तयार झाला. या ओढ्याबरोबर येणाऱ्या मातीने तलावात गाळ साचत आला आहे. असा मऊ गाळ या कृमींना मानवतो.

ओळख पटवताना रंगावर किंवा लांबीवर विसंबू नये. दृढरोम, म्हणजे प्रत्येक खंडावरील राठ केस, हाच खरा आधार. ते केसासारखे लांब आहेत की टोकाशी दुभंगलेले, आणि पाठीवर कितव्या खंडापासून सुरू होतात, हे जिवंत नमुना काचपट्टीवर हलकेच दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. कीटोगॅस्टरच्या पाठीवर ते नसतातच. डेरोच्या मागच्या टोकाला कल्ले असतात, तर ब्रँकियुरा सोवर्बीच्या शेपटाकडील खंडांवर पाठीपोटाशी कल्ल्यांचे तंतू दिसतात. स्टायलेरियाचे तोंडापुढचे टोक सोंडेसारखे लांब असते.

ट्युबिफेक्स डोके गाळात खुपसून शेपूट पाण्यात हलवत राहतो. रक्तातील हीमोग्लोबिनमुळे तो अल्प ऑक्सिजनातही तगतो. म्हणूनच त्याची दाट वस्ती सांडपाण्याच्या प्रदूषणाची शंका निर्माण करते. नायडिड कुळातील अनेक जाती शरीराचे विभाजन करून वाढतात; त्यांच्या साखळीत पिल्ले मातेला जोडलेलीच दिसतात. अंडी कोशात घालणारे लैंगिक प्रजननही होते. हे कृमी उभयलिंगी असतात.

भारतातील या गटाच्या अभ्यासाचा पाया लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात काम केलेल्या जे. स्टीफन्सन यांच्या 1923 च्या ग्रंथाने घातला.