मुडदूस, दमा आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी

#थ्रेड

१/ नवी मुंबईतील औषधांच्या दुकानांत ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहज मिळते. हाडांसाठी दिली जाणारी ही पुडी दम्याचा झटकाही रोखील, अशी आशा संशोधकांनी अनेक वर्षे बाळगली. या कथेचे एक जुने पान नाशिकचे आहे.

२/ मुडदुसात मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकतात. विसाव्या शतकाच्या आरंभी वाद होता: दोष आहाराचा की अंधाराचा? १९१९ च्या सुमारास मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांवरून आहाराला दोष दिला.

३/ १९२२ साली हचिसन आणि शाह यांनी नाशिकमधील नोंदी प्रसिद्ध केल्या. गरीब हिंदूंचे अन्न निकृष्ट; पण त्यांचे जगणे उन्हात, आणि मुडदूस नाही. पडदा पाळणाऱ्या सुस्थित घरांत अन्न बरे. तरीही मुडदूस होता.

४/ ही झाली निरीक्षणे. पुरावा व्हिएन्नात मिळाला. तेथे हॅरिएट चिक यांच्या पथकाने मुडदूस झालेल्या मुलांना कॉडलिव्हर तेल दिले, काहींना ऊन दिले. दोन्ही उपायांनी मुले बरी झाली. आहार आणि ऊन, दोन्ही पक्ष खरे ठरले.

५/ पुढे नगरांतील माणूस सावलीत गेला. २०११ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी २५ ते ३५ वयाच्या १,१३७ निरोगी व्यक्ती तपासल्या. सुमारे ७० टक्क्यांत ‘ड’ची कमतरता आढळली.

६/ दम्याच्या रुग्णांतही ‘ड’ कमी असेल, तर झटके अधिक दिसत. पण दमेकरी घराबाहेर कमी पडतो, म्हणूनही ‘ड’ घटते. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? निवाडा एकच: काहींना खरे औषध, काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध देऊन तुलना.

७/ २०१६ मध्ये लंडनचे मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन आढाव्यात ९ चाचण्या एकत्र केल्या. ‘ड’ घेणाऱ्यांत तीव्र झटके कमी दिसले. आशा बळावली.

८/ २०२३ मध्ये मार्टिनो यांच्याच सहभागाने आढावा पुन्हा झाला. चाचण्या २०, रुग्ण २,२२५. या वेळी फरक उरला नाही. स्वतःचाच निष्कर्ष मागे घेण्याचे धैर्य, हीही विज्ञानाच्या इतिहासातील मोलाची नोंद.

९/ अतितीव्र दमा किंवा ‘ड’ची फार मोठी कमतरता असलेले रुग्ण या चाचण्यांत थोडेच होते, तेवढा प्रश्न अद्याप खुला आहे. तोवर हाडांसाठी पुडी योग्य, पण ती इनहेलरची जागा घेऊ शकत नाही. मुडदुसात निरीक्षणाला प्रयोगाने साथ दिली, दम्यात दिली नाही.