मँचेस्टरचे अर्ज आणि वऱ्हाडचा कापूस

१८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. चारच वर्षांनीं, १८५७ सालीं, मँचेस्टरांत ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ ही संस्था निघाली. नांव लोकोपयोगी, परंतु पाठीशीं उभे होते ते गिरणीमालक. केवळ अमेरिकेच्या कापसावर विसंबावें लागूं नये म्हणून हिंदुस्थान सरकारनें रस्ते व लोहमार्ग करावे, असा धोशा तिनें लावला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली आणि या मागणीस धार चढली. पुढें अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनींत आगगाडी आली; रेल्वे कंपनीच्या भांडवलावरील ५ टक्के व्याजाची हमी मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीची होती. १८७० सालीं खामगांवची शाखा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं खुली केली.

विलायती कापडावरील जकातीचा प्रश्न निघतांच मात्र हाच वर्ग म्हणूं लागला कीं, सरकारनें व्यापारांत हात घालूं नये! १८८२ सालीं जकात उठली. तिजोरींतील तुटीमुळें १८९४ सालीं ती पुन्हां बसली. तेव्हां लँकेशायरच्या दडपणामुळें १८९६ सालीं देशी गिरण्यांच्या कापडावरही ३॥ टक्के कर लादण्यांत आला. तो १९२६ सालीं रद्द झाला.

पार्लमेंटांत लँकेशायरचे प्रतिनिधि बसत. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडी कुणब्यास तेथें एकही मत नव्हतें.