शासकीय कंत्राटदार आणि बदलते करनियम : एक ऐतिहासिक आढावा (१९५८ ते २०२५)

प्रस्तावना

रस्ते, पूल, कालवे, शाळा व रुग्णालयांच्या इमारती ही कामे शासन बहुतांशी कंत्राटदारांकडून करून घेते. निविदा भरताना जो करदर गृहीत धरलेला असतो, तो काम संपेपर्यंत टिकेल याची शाश्वती नसते. काम दोन-तीन वर्षे चालते; करदर मात्र एका अधिसूचनेने बदलतो. खासगी व्यवहारातही असे घडते. परंतु शासकीय कामात कर बसविणारे, कर कापून घेणारे आणि काम करवून घेणारे या तिन्ही भूमिकांत शासनच असते. हे या व्यवहाराचे वेगळेपण होय. प्रस्तुत लेखात १९५८ पासूनच्या प्रमुख बदलांचा आढावा घेऊन वाढीव कराचा भार अखेर कोणावर पडतो, या प्रश्नाचा विचार केला आहे.

कार्यकंत्राट ही विक्री आहे काय?

इमारत बांधून देणारा कंत्राटदार सिमेंट, लोखंड व विटा विकतो, की बांधकाम करून देतो? मद्रास राज्य विरुद्ध गॅनन डंकर्ले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये या प्रश्नाचा निर्णय दिला. बांधकामाचा करार एकसंध व अविभाज्य असेल तर त्यात मालाची विक्री होत नाही, म्हणून राज्यांना त्यावर विक्रीकर लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. ‘विक्री’ या शब्दाचा अर्थ न्यायालयाने मालविक्रीच्या कायद्यातील अर्थाप्रमाणेच घेतला होता. या निर्णयाने कंत्राटदारांना सुमारे पाव शतक दिलासा मिळाला.

विधी आयोगाने १९७४ मधील आपल्या ६१ व्या अहवालात या प्रश्नाचा ऊहापोह केला. पुढे १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६६ मध्ये खंड २९-अ समाविष्ट झाला आणि कार्यकंत्राटात वापरल्या गेलेल्या मालावर कर लावण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने या दुरुस्तीला आव्हान दिले. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. त्याच वर्षी महाराष्ट्रात कार्यकंत्राटावरील विक्रीकराचा स्वतंत्र कायदा पुन्हा अधिनियमित झाला. मजुरी, यंत्रांचे भाडे, इंधन व सेवांवरील नफा यांसारख्या बाबी वगळून केवळ मालाच्या मूल्यावर कर घ्यावा, हे तत्त्व १९९२ च्या निकालाने स्पष्ट केले. राज्यात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर लागू झाल्यावर ज्यांना तपशीलवार हिशेब ठेवणे अवघड होते, त्यांच्यासाठी ठोक दराचा पर्याय देण्यात आला. बांधकामाच्या कंत्राटांसाठी हा दर पुढे ५ टक्के होता.

मुळातून करकपात व सेवाकर

प्राप्तिकर कायद्यात १९७२ साली कलम १९४-क घालण्यात आले. कंत्राटदाराचे देयक चुकते करतानाच शासकीय कार्यालयाने २ टक्के रक्कम कापून घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. कर नफ्यावर असला तरी कपात मात्र देयकाच्या पूर्ण रकमेवर होऊ लागली. १९९४ मध्ये लहान बांधकाम कंत्राटदारांसाठी अनुमानित उत्पन्नाची तरतूद आली. ४० लाख रुपयांपर्यंतच्या जमेवर ८ टक्के नफा गृहीत धरण्याची ती सोय होती. या व्यवसायातील नफ्याविषयी शासनाचा स्वतःचा अंदाज काय होता, हे त्यावरून कळते.

सेवाकराने अनिश्चिततेत भर घातली. २००४ मध्ये व्यापारी व औद्योगिक बांधकामे या कराच्या कक्षेत आली, तेव्हा रस्ते, पूल, धरणे वगळलेली होती. १ जून २००७ पासून कार्यकंत्राट ही स्वतंत्र करपात्र सेवा झाली. २०१२ च्या अधिसूचनेने शासनासाठी केलेल्या अनेक बांधकामांना सूट दिली. १ एप्रिल २०१५ पासून त्यांतील काही महत्त्वाच्या सवलती काढून घेण्यात आल्या. चालू कामांवर अचानक कर आला. २०१६ च्या वित्त कायद्याने १ मार्च २०१५ पूर्वीच्या करारांसाठी सूट पूर्वलक्षी प्रभावाने बहाल केली आणि भरलेला कर परत मागण्यास सहा महिन्यांची मुदत दिली. करारानंतर आलेला बदल अन्याय्य ठरू शकतो, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होती.

वस्तू व सेवा कर

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कार्यकंत्राटावर १८ टक्के दर होता. २२ ऑगस्ट २०१७ पासून अनेक शासकीय कामांसाठी तो १२ टक्के झाला. प्रामुख्याने मातीकाम असलेल्या कामांसाठी पुढे ५ टक्के दर आला. १८ जुलै २०२२ पासून हे दर अनुक्रमे १८ व १२ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मातीकामाचा दरही १८ टक्क्यांवर गेला, तर सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

या बदलांचा परिणाम साध्या गणिताने समजतो. सर्व करांसह एक कोटी रुपयांचे काम घेतले असेल, तर १२ टक्के दराने कंत्राटदाराकडे ८९.२९ लाख रुपये उरतात. १८ टक्के दराने ८४.७५ लाख. निविष्टींवरील कराची वजावट तेवढीच राहिल्यास फरक ४.५४ लाखांचा पडतो. शासनाने १९९४ मध्ये गृहीत धरलेल्या ८ टक्के नफ्याच्या निम्म्याहून अधिक भाग एका अधिसूचनेने नाहीसा होतो.

रोख रकमेचा प्रश्न याहून बिकट आहे. करार टप्प्यांवर आधारित असेल तर टप्पा पूर्ण होताच बीजक काढून कर भरावा लागतो, देयकाची रक्कम हाती येवो वा न येवो. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे न दिल्यास घेतलेली करवजावट परत करावी लागते. १ ऑक्टोबर २०१८ पासून अडीच लाखांहून अधिक रकमेच्या करारांवर २ टक्के कपातही सुरू झाली. २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदार संघटनांनी थकीत देयकांसाठी आंदोलने केली, त्यामागील ताण या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

भार कोणाचा?

मालविक्री कायदा, १९३० मधील कलम ६४-अ अन्वये करारानंतर कर वाढल्यास विक्रेत्याला तो खरेदीदाराकडून वसूल करता येतो; कर घटल्यास खरेदीदाराला वजावट मिळते. अर्थात करारात वेगळी तरतूद नसेल तरच. परंतु ही तरतूद मालविक्रीच्या करारासाठी आहे. अविभाज्य कार्यकंत्राट ही विक्री नव्हे, या ज्या युक्तिवादाने १९५८ मध्ये करमुक्ती मिळवून दिली, त्याच युक्तिवादाने कंत्राटदार या संरक्षणाबाहेर राहतो. ४६ व्या घटनादुरुस्तीने कर लावण्यापुरती विक्री मानली. करारातील पक्षांचे परस्पर हक्क तिने बदलले नाहीत. परिणामी सर्व काही निविदेतील एका कलमावर अवलंबून राहते. दर ‘कर वगळून’ मागविले असतील तर भार शासनावर, ‘सर्व करांसह’ मागविले असतील तर बहुधा कंत्राटदारावर.

निष्कर्ष

१. १९५८ ते २०१७ या काळातील वाद प्रामुख्याने कर लावता येतो काय, याविषयी होता. भार कोणी सोसावा, हा प्रश्न कायद्याने अनुत्तरितच ठेवला.

२. मोठी कंपनी कायदेशीर सल्ला व भांडवलाच्या बळावर बदल पेलू शकते. तालुका पातळीवरील लहान कंत्राटदाराला एक दरबदलही व्यवसायाबाहेर ढकलू शकतो. अशा वेळी काम अर्धवट राहते आणि त्याची झळ गावाला बसते.

३. करवाढ व करकपात दोन्ही समान न्यायाने करारमूल्यात समाविष्ट करणारे कलम प्रत्येक शासकीय निविदेत असणे, हा यावरील सर्वांत साधा उपाय होय. २०१६ मध्ये जे पूर्वलक्षी प्रभावाने करावे लागले, ते करारातच आधी लिहून ठेवता येते.